तिन्ही चौकटींत एकच सही

कुठल्याही इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक तक्ता असतो, टायटल ब्लॉक. त्यात पार्टचं नाव, मटेरियल, स्केल, रेव्हिजन म्हणजे ड्रॉइंगची आवृत्ती वगैरे, आणि तीन छोट्या चौकटी: ड्रॉन, चेक्ड, अप्रूव्ह्ड. नोकरीत होते तेव्हा पहिल्या चौकटीत माझी आद्याक्षरं असायची, दुसरीत आमच्या सीनिअरची, तिसरीत साहेबांची. सीनिअर लाल पेन घेऊन बसायचे. एखादा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, लिहायचा राहिला, एखाद्या बोल्टपर्यंत ॲलन की पोचणारच नाही असं दिसलं, की प्रिंटवर लाल गोल आणि शेजारी प्रश्नचिन्ह. मला राग यायचा. आता तिन्ही चौकटींत माझीच अक्षरं असतात आणि त्या लाल गोलाची किंमत रोखीत कळते.

मी फिक्स्चर डिझाइन करते. पिंपरी-चिंचवडच्या बाहेर एवढं सांगून भागत नाही. मशीनवर जो जॉब कापायचा असतो, म्हणजे कास्टिंग (साच्यात ओतलेला भाग), ब्रॅकेट, हाउसिंग, काहीही, तो धरून ठेवायला जे साधन लागतं ते फिक्स्चर. हजारावा जॉबसुद्धा पहिल्याच्याच जागी, पहिल्यासारखाच बसला पाहिजे. त्याचं मूळ गणित तीन-दोन-एक. खालून तीन टेकू, बाजूने दोन, टोकाला एक. एवढ्या सहा ठिकाणी टेकला की जॉब कुठे आहे हे पक्कं होतं, मग वरून क्लॅम्पने दाबायचा. खाली चौथा पक्का टेकू दिलात तर कच्चं कास्टिंग पाटासारखं डुगडुगायला लागतं. ऐकायला सोपं आहे. पण कास्टिंगवर पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याच्या जोडाची रेघ असते, गेट, म्हणजे धातू आत यायची वाट, कापल्याची खूण असते, तिथे टेकू देता येत नाही. कटर जिथून जाणार तिथे क्लॅम्प चालत नाही. चिप, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, साचेल अशी खाच चालत नाही. आणि ऑपरेटर एका शिफ्टमध्ये पुन्हा पुन्हा तिथे हात घालणार, त्यामुळे बोट सापडेल अशी जागा तर मुळीच चालत नाही.

भोसरी, चाकण, तळवड्याच्या टूलरूमना, म्हणजे अशी साधनं बनवणाऱ्या शेडना, ही डिझाइनं सतत लागतात, पण सलग लागत नाहीत. एकदम तीन फिक्स्चर येतात, मग दीड महिना एकही नाही. अशा ठिकाणी पगारी डिझाइनर ठेवणं लहान शेडला परवडत नाही, म्हणून काम बाहेर देतात. यात नवीन काही नाही. मोठ्या कारखान्यांतून २००० सालाच्या आगेमागे व्हीआरएस घेऊन बाहेर पडलेल्या कित्येक टूल डिझाइनरांनी ड्रॉइंग बोर्ड घरच्या हॉलमध्ये उभा करून हेच केलं. त्यांतल्याच एका काकांकडे मी नोकरी सोडायच्या आधी सल्ला विचारायला गेले होते. त्यांनी चहा दिला, बायकोची ओळख करून दिली, आणि म्हणाले, “ड्रॉइंगचे पैसे कोणीही देतो गं. जॉब बसला नाही तर निस्तरायचं कोणी, त्याचे पैसे कोण देतं ते बघ.” तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचं तिरकं बोलणं वाटलं.

आता दराकडे येऊ, कारण सगळं तिथे अडतं.

“मॅडम, तुम्ही घरूनच करता ना?” हा प्रश्न चौकशीचा नसतो, भावाचा असतो. शेडचं भाडं नाही, हाताखाली माणसं नाहीत, येण्याजाण्याचा खर्च नाही, मग एवढा रेट कसा, असा त्याचा उरलेला अर्धा भाग. माझ्यासारखंच काम घरूनच करणारे पुरुष डिझाइनर आहेत, त्यांनाही हे ऐकावं लागत असेल. पण “घर सांभाळून करताय, चांगलंय” हे त्यांना कोणी म्हणत नसावं. हे वाक्य ऐकू आलं की मी समजते, आता वीस टक्के मागणार.

घरात वेगळीच तऱ्हा. सासूबाई फोनवर मावशींना सांगतात, “नाही नाही, ती घरीच असते.” त्यात खोटं काही नाही. त्यामुळे गॅसचा सिलिंडर माझा, सोसायटीचा प्लंबर माझा, शेजारच्यांचं कुरिअर माझं. एकदा मी ग्राहकाबरोबर स्क्रीन शेअर करून क्लॅम्पची हालचाल दाखवत होते, आणि दारातून आवाज आला, “अगं, कोथिंबीर संपलीये.” पलीकडचे तिघे हसले. त्यातले एक म्हणाले, “आमच्याकडची पण संपलीये मॅडम.” मीटिंग एरवीपेक्षा बरी झाली.

तर दर. समजा नोकरीत महिना ६० हजार मिळतात. पंचवीस दिवसांनी भागा, आठ तासांनी भागा, तासाला ३०० रुपये आले. समोरचा माणूसही मनातल्या मनात हाच भागाकार करतो आणि तासाला ३५० देऊ केले की आपण उदार झालो असं त्याला वाटतं. पण त्या ६० हजारांच्या मागे बरंच काही उभं असतं. पीएफमधला कंपनीचा वाटा असतो. पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी, नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. ग्रुप मेडिक्लेम, दिवाळीची पगारी सुट्टी, ताप आला तर रजा. कॉम्प्युटर कंपनीचा, त्यावरचं सॉफ्टवेअरही कंपनीचं. थ्री-डी डिझाइनचं अधिकृत लायसन्स लाखांत जातं आणि दर वर्षी त्याचं मेंटेनन्स भरावं लागतं. एका ग्राहकाला फाइल सॉलिडवर्क्समध्ये हवी असते, दुसऱ्याला कॅटियामध्ये. चोरीचं सॉफ्टवेअर वापरणारे आहेत, सगळ्यांना माहीत आहेत, आणि नोटीस आली की काय धावपळ होते तेही सगळ्यांना माहीत आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, नोकरीत काम नसलेला दिवस कंपनीचा होता. आता तो माझा आहे. कोटेशन बनवण्यात वेळ जातो. ऑर्डर मिळावी म्हणून आधी कन्सेप्ट काढून दाखवावा लागतो, आणि कधीकधी तोच कन्सेप्ट दुसऱ्या स्वस्त माणसाकडे जाऊन पूर्ण होतो. चाकणला चर्चेला जायचं म्हणजे तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अर्धा दिवस. बिलं, वसुली, रिटर्न. महिन्याच्या दोनशे तासांतल्या निम्म्याच तासांचं बिल निघालं आणि वर वीस हजारांचा महिन्याचा खर्च धरला, तर तोच तीनशेचा दर आठशेवर जातो. आणि यात काकांनी सांगितलेली गोष्ट अजून धरलेलीच नाही.

ती धरायला मी शिकले एका ॲल्युमिनिअम हाउसिंगवर. व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनसाठी हायड्रॉलिक, तेलाच्या दाबाने क्लॅम्प होणारं फिक्स्चर होतं. ऑर्डर चाकणच्या एका कंपनीची, बनवणारी टूलरूम भोसरीची, आणि टूलरूमचं डिझाइन मी करणार, अशी साखळी. मला मेलवर जॉबचं थ्री-डी मॉडेल आलं, ड्रॉइंगची पीडीएफ आली, त्यावर रेव्हिजन सी. मी डिझाइन केलं, ते दोन्हीकडून मेलवर अप्रूव्ह झालं, फिक्स्चर बनलं. ट्रायलच्या दिवशी टूलरूमच्या शेठचा फोन आला, “मॅडम, जॉब बसत नाहीये.”

या चार शब्दांनी पोटात जो गोळा येतो तो या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

गेले. फिक्स्चर मशीनच्या टेबलावर, जॉब त्यात ठेवलेला, आणि भोवती पाचसहा माणसं हात मागे बांधून उभी. टूलरूमच्या फिटरमामांनी फीलर गेज, म्हणजे फट तपासायची पातळ पट्टी, घेतला आणि तीनपैकी एका रेस्ट पॅडवर, म्हणजे खालच्या टेकूवर, जॉबच्या खालून सरकवला. तो एका कडेने आत शिरला. दुसऱ्या पॅडवर तेच. तिसऱ्याला मात्र जॉब घट्ट. म्हणजे जॉब तिथे कशावर तरी चढून बसला होता. मामांनी जॉब उचलून उलटा केला, तळहाताने कूलंट पुसलं, आणि अंगठा एका बरगडीवर ठेवला. “ही मॅडम. तुमच्या चित्रात ही नाय.”

खरंच नव्हती. मॉडेलमध्ये त्या जागी सपाट पृष्ठ होतं, म्हणून तर मी तिथे टेकू दिला होता. जॉबवर तिथे बोटभर लांबीची बारीक रिब होती. मधल्या काळात कंपनीने ताकदीसाठी ती वाढवली होती, कास्टिंगच्या डायमध्ये बदल झाला होता, ड्रॉइंग रेव्हिजन डीवर गेलं होतं. डीची पीडीएफ त्यांच्यातल्या कोणीतरी कोणालातरी पाठवली असणार. माझ्यापर्यंत आली नव्हती, टूलरूमपर्यंतही नाही.

पण हे उलगडायच्या आधी काही मिनिटं सगळे माझ्याकडे बघत होते. डिझाइन कोणाचं, मॅडमचं. मी मोबाइलवर मेल काढून दाखवला, अप्रूव्हलच्या शीटवरचं रेव्हिजन सी दाखवलं. कंपनीचा तरुण इंजिनिअर वाईट मुलगा नव्हता, पण त्यालाही वर कोणालातरी तोंड द्यायचं होतं. तो म्हणाला, “पण तुम्ही एकदा कन्फर्म करायला हवं होतं ना, लेटेस्ट आहे का.” शेठ काही बोलले नाहीत. त्यांची पुढची ऑर्डर त्या मुलाच्या साहेबांच्या टेबलावर होती.

आता उपाय काय? टेकू बारा मिलिमीटर सरकवला की झालं, असं बाहेरच्याला वाटेल. पण क्लॅम्प नेमका टेकूच्या समोर यावा लागतो, नाहीतर दाबल्यावर जॉब वाकतो, मशीन बरोबर कापतं आणि क्लॅम्प सोडला की माप हलतं. म्हणजे क्लॅम्पही सरकवायचा. तो हायड्रॉलिक, त्याच्या तेलाच्या वाटा बेस प्लेटच्या पोटातून ड्रिल केलेल्या, नवीन बोल्टचं भोक नेमकं त्या वाटेवर येणार. एक वाट बंद करायची, दुसरी काढायची. घरी येऊन मी बसले, रात्र गेली, दुसरा दिवस गेला, सुधारित ड्रॉइंग पाठवलं. टायटल ब्लॉकमध्ये ड्रॉन, चेक्ड, अप्रूव्ह्ड. जॉब बसला.

त्या कामाचं बिल मी पाठवलं. शेठ म्हणाले, “मॅडम, पुढच्या कामात ॲडजस्ट करू.” टूलरूमच्या दुनियेत पुढचं काम ही एक फार मोठी जागा आहे, तिथे सगळ्यांचे सगळे पैसे ॲडजस्ट व्हायला पडलेले असतात.

शेठवर राग धरावा तर त्यांचीही बेस प्लेट पुन्हा मशीनवर चढली होती, त्यांच्याही दोन शिफ्ट गेल्या होत्या, आणि त्याचे पैसे त्यांनाही मिळाले नाहीत. नोकरीतही असं घडायचं. मग मीटिंग व्हायची, डिझाइन आणि परचेसमध्ये मेलामेली व्हायची, एखादा साहेब आवाज चढवायचा, आणि एक तारखेला माझा पगार जमा व्हायचा. बदललेल्या रिबची किंमत कंपनी नावाच्या मोठ्या पोटात जिरून जायची. साखळीत जो सगळ्यात लहान, त्याच्यापाशी ती येऊन थांबते, कारण त्याच्या पुढे ढकलायला कोणी नसतं. मी विकते ते ड्रॉइंग नाहीच मुळी. पिंपरी-चिंचवडमध्ये ड्रॉइंग काढणारे पुष्कळ आहेत. जॉब बसेपर्यंत मी फोन उचलेन, ही हमी मी विकते, आणि कोटेशनमध्ये तिच्यासाठी वेगळी ओळ नसते.

म्हणून मी ओळ घातली. ‘अप्रूव्हलनंतर कॉम्पोनन्टच्या ड्रॉइंगमध्ये बदल झाल्यास डिझाइनचे पैसे वेगळे.’ शेठनी न वाचता सही केली. दुसऱ्या एका ठिकाणी परचेसवाल्याने बॉलपेनने ती ओळ खोडली आणि म्हणाला, “मॅडम, हे आमच्याकडे चालत नाही, पण काम तुम्हालाच देणार.” त्या कोटेशनमध्ये मी मग दरच वाढवून टाकला. त्यावर त्याने घासाघीस केली, पण ओळीवर केली असती त्यापेक्षा कमी. लोकांना आकड्याशी भांडायची सवय असते, अटीची भीती वाटते.

पैशांची वाट बघणं हा या कामातला दुसरा, बिनपगारी जॉब. पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, निघाला नाही. पीओ निघाला पण त्यात रक्कम चुकली. बिल स्टोअर्समध्ये आहे. बिल अकाउंट्सला गेलं. सही राहिलीय. साहेब गुजरातला गेलेत. गुरुवारी फोन करून उपयोग नाही, भोसरीत गुरुवारची सुट्टी. शनिवारी केला तर चाकणच्या ऑफिसातली माणसं नाहीत. आणि स्वर फार सांभाळावा लागतो. दोनदा विचारलं तर “मॅडम रागावल्या वाटतं”, नाही विचारलं तर “मॅडमना गरज नाही”.

त्यात जीएसटीची गंमत. सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणीची सक्ती नाही, पण कंपन्यांना व्हेंडर कोड उघडायला जीएसटी नंबर असलेला बरा वाटतो, म्हणून बऱ्याच जणांना तो घ्यावाच लागतो. मग १ लाखाचं बिल काढलं की त्यावर १८ हजार जीएसटी. तो सरकारला पुढच्या महिन्यात भरायचा. बिलाचे पैसे आलेत की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे ग्राहकाने तीन महिने लावले तर तेवढे दिवस त्याचा कर माझ्या खिशातून भरलेला असतो. शेवटी पैसे येतात ते टीडीएस कापून, व्यावसायिक सेवा म्हणून धरलं तर १० टक्के, म्हणजे १ लाख १८ हजारांऐवजी १ लाख ८ हजार. कोणी हेच काम तांत्रिक सेवा म्हणून २ टक्के कापतं, कोणी जॉबवर्क समजून एकच टक्का. एकाच प्रकारच्या कामाचे तीन अकाउंटंटांनी तीन अर्थ लावलेले मी पाहिलेत. आयकराचं रिटर्न भरल्यावर टीडीएस करात वळता होतो, जास्तीचा परत मिळतो हे खरं, पण ईएमआय रिटर्नसाठी थांबत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे इथे सांगितलं पाहिजे. २००६ चा एमएसएमईडी कायदा म्हणतो की सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्यासाठीची उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते, आणि एकटा माणूसही ती करू शकतो. पण व्याज मागणारा कोण? सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार टाकली की पैसे कदाचित मिळतील, ग्राहक नक्की जाईल. कायद्याला खरे दात फुटले ते आयकरातून. २०२३ च्या अर्थसंकल्पात दुरुस्ती आली की अशा लहान पुरवठादाराचे पैसे मुदतीत दिले नाहीत, आणि वर्षअखेरपर्यंतही दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरता येणार नाही, पैसे द्याल त्या वर्षी धरा. मार्च २०२४ मध्ये अकाउंट्सवाल्यांनी आपणहून फोन केले, “मॅडम, तुमचा उद्यम नंबर द्या ना.” आयुष्यात पहिल्यांदा ते मला शोधत होते. थकलेली बिलं आली. त्याच दिवसांत एकाने विचारलं, “तुमचं उद्यम असलंच पाहिजे का? रद्द केलं तर आपल्याला सोपं पडेल.” यातलं ‘आपल्याला’ मला फार आवडलं.

पण शेठचं काय? ते मुद्दाम पैसे अडवून बसत नाहीत. त्यांना वरून पैसे येतात तेव्हा ते आधी पगार देतात, मग स्टीलवाल्याला, हीट ट्रीटमेंटवाल्याला, मग मला. त्यांच्या जागी मी असते तर माझाही क्रम हाच असता. फिटरमामा पगाराशिवाय महिना काढू शकत नाहीत, मॅडमच्या घरी नवऱ्याचा पगार येतो हे शेठना ठाऊक आहे. हे त्यांना ठाऊक असणं मला महाग पडतं.

आणि तो पगार नसता तर मी हे करू शकले असते का, याचं उत्तर सरळ आहे, निदान सुरुवातीची वर्षं तरी नाही. स्वतंत्र व्यवसायाच्या यशोगाथांमध्ये हा भाग कोणी लिहीत नाही. कोणाच्या मागे वडिलांचा फ्लॅट असतो, कोणाच्या मागे बायकोची शिक्षिकेची नोकरी. माझ्यामागे नवऱ्याचा पगार आणि त्याच्या कंपनीचा मेडिक्लेम होता. ज्यांच्या मागे काही नाही त्यांनी स्वतःची पॉलिसी नोकरी सोडायच्या आधी काढलेली बरी, कारण आधीपासून असलेल्या आजारांना विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. निदान वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये शून्य झाला, तेवढाच आधार.

बँकेत गेल्यावर वेगळं दर्शन होतं. घराचं कर्ज वाढवून घ्यायचं होतं. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “फॉर्म सोळा?” म्हटलं, नाही, रिटर्न आहेत. तिथे अजून एक वळसा होता. इंजिनिअर, डॉक्टर, वकील अशा व्यावसायिकांना अंदाजित उत्पन्नाची सोय २०१६ च्या अर्थसंकल्पाने दिली. जमा रकमेच्या किमान निम्मं उत्पन्न दाखवा, हिशेबाच्या वह्या ठेवायची कटकट नाही. मर्यादा आधी ५० लाख होती, रोख व्यवहार ५ टक्क्यांच्या आत असतील तर आता ७५. फार सोयीचं. फक्त कर वाचवायला निम्मं दाखवलेलं उत्पन्न बँकही निम्मंच धरते. वर्षभर मी जी हुशारी केली होती ती त्या मुलाने दोन मिनिटांत कॅल्क्युलेटरवर परत माझ्या हातात ठेवली. कर्ज शेवटी नवऱ्याच्या पगारावर झालं, माझं नाव सहअर्जदार.

मधे एक प्रस्ताव आला होता. एका मोठ्या डिझाइन ऑफिसात रोज नऊ ते सहा बसायचं, येताना-जाताना अंगठा लावायचा, त्यांच्याच कॉम्प्युटरवर त्यांच्या टीम लीडरच्या हाताखाली काम करायचं, सुट्टी हवी तर आधी मेल टाकायचा, पण पगाराऐवजी दरमहा बिल द्यायचं. हुद्दा कन्सल्टंट. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, एक महिन्याच्या नोटिशीवर बंद. एचआरच्या बाई फार गोड बोलल्या, “मॅडम, यात तुम्हाला फ्लेक्सिबिलिटी आहे.” मी विचारलं, गुरुवारी दुपारी भोसरीला ट्रायलला जाता येईल का? त्या म्हणाल्या, ते नाही चालणार. मग फ्लेक्सिबिलिटी कोणाला, हे मी विचारलं नाही. अशा हुद्द्यांवर पुण्यात पुष्कळ माणसं बसलेली आहेत. नोकरीतला साहेब आणि धंद्यातली अनिश्चितता, दोन्हीकडचं नको ते त्यांच्या वाट्याला आलंय. नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झाले, त्यात गिग कामगार हा शब्द आला, डिलिव्हरीवाल्यांसाठी, टॅक्सीवाल्यांसाठी ॲप कंपन्यांनी पैसे बाजूला काढायचे असं आलं. चांगलंच झालं. अंगठा लावून बिल देणाऱ्या इंजिनिअरकडे मात्र त्यात फारसं कोणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

मग मी हे का करते? गुरुवारी सकाळी, भोसरी बंद असते तेव्हा, मी दुर्गा टेकडीवर फिरायला जाते, हे एक कारण. दुसरं जरा आतलं आहे. नोकरीत माझी ड्रॉइंग तिसऱ्या मजल्यावरून कुठेतरी जायची, फिक्स्चर मी कधी बघितलंच नाही. आता प्रत्येक ट्रायलला मी असते. जॉब ठेवला, क्लॅम्प बसले, फीलर गेज तिन्ही पॅडवर अडला, की मामा मान न वर करता म्हणतात, “हां.” त्यांच्या त्या ‘हां’साठी मी बरंच सहन करते. तेवढ्यावर धंदा चालत नाही हे मला कळतं, पण त्याच्याशिवायही चालला नसता.

काम वाढलं तसं डिटेलिंगचं, म्हणजे असेंब्लीतून एकेक भागाचं ड्रॉइंग काढायचं काम, मी चिखलीच्या एका मुलीला द्यायला लागले. डिप्लोमा झालेली, हात चांगला, रात्री काम करते कारण दिवसा बाळ. लाल पेन आता माझ्याकडे आहे. तिचे पैसे सात तारखेला जातात, मला आलेले असोत नसोत. हा नियम मी स्वतःलाच घातला आणि दोनदा एफडी मोडून पाळला, कारण साखळीत माझ्या पुढे आता कोणीतरी होतं आणि ढकलायचा मोह मला चांगलाच झाला होता.

मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. आवाज अडखळत होता. “ताई, रेट वाढवायचा होता. म्हणजे, ते असेंब्लीत बदल झाला की माझी सगळी डिटेल परत करावी लागतात ना. ते धरलेलंच नाहीये आपण.”

मी लगेच म्हणणार होते, पुढच्या कामात ॲडजस्ट करू. जिभेवर आलंसुद्धा.

“लेखी पाठव,” म्हटलं. “नवीन दर लिही आणि बदलाची ओळ वेगळी घाल.”

“ओळ चालेल ना तुम्हाला?”

“घासाघीस करेन मी,” म्हटलं, “पण ओळ खोडणार नाही.”

काल तिचं कोटेशन आलं. दर मला जास्त वाटतोय.